अजिंठ्याची भिंत वाचणारा डॉक्टर

शारजात आमच्याकडे गावाहून पाहुणे आले, की बुर्ज खलिफा झाल्यावर मी त्यांना मलेहाला नेतो. तिथल्या वाळूत एका कबरीवरचा लेख सापडला आहे, इसवी सनापूर्वीच्या तिसऱ्या शतकातला, दोन लिप्यांमध्ये कोरलेला. त्यामुळे गेल्या सुट्टीत अजिंठा पाहताना आमच्या लेकीने 16 नंबरच्या लेण्याबाहेर सरळच विचारलं, की ही झिजलेली अक्षरं कुणी वाचली? गाइडचं वाघाच्या शिकारीला निघालेला जॉन स्मिथ आणि 1819 साल हे सांगून झालं होतं. वाचणाऱ्याचं नाव काही त्याने घेतलं नाही. ते नाव डॉ. भाऊ दाजी लाड.

मूळ नाव रामकृष्ण विठ्ठल लाड. जन्म 1822 च्या सुमाराचा, गोव्यातल्या मांद्र्याचा. घरची गरिबी. मुलगा बुद्धिबळात हुशार आहे हे एका इंग्रजाच्या लक्षात आलं, त्याने वडिलांना मुलाला इंग्रजी शिकवायचा सल्ला दिला, आणि हे कुटुंब मुंबईला आलं. वडील मातीच्या बाहुल्या विकून घर चालवायचे. म्हणजे आपल्यासारखंच, पोराच्या शिक्षणासाठी गाव सोडलेलं घर! एल्फिन्स्टनमध्ये शिकून भाऊ तिथेच शिक्षक झाले. कच्छ-काठियावाडातल्या बालहत्येवरच्या निबंधाला बक्षीस मिळालं. पुढे 1845 मध्ये ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू झालं, तेव्हा नोकरी सोडून ते पुन्हा विद्यार्थी झाले आणि 1851 च्या पहिल्या तुकडीतून डॉक्टर होऊन बाहेर पडले.

प्रॅक्टिस जोरात चालली. धाकटे भाऊ नारायण हेही डॉक्टर. दोघांनी मिळून गरिबांसाठी मोफत दवाखाना चालवला. कुष्ठरोगावर औषध शोधण्यात भाऊंनी बरीच वर्षं घातली. शिवाय सार्वजनिक कामं, मुलींचं शिक्षण, फोटोग्राफीची हौस. एवढ्या गडबडीत हा माणूस जुनी नाणी, ताम्रपट आणि शिलालेख यांच्या मागे का लागला असेल? मला वाटतं, पुराव्याशिवाय निदान करायचं नाही ही सवयच असावी. आर्यभट आणि वराहमिहिर कोणत्या काळातले, हेही त्यांनी पोथ्या मिळवून, ताडून पाहून मांडलं.

अजिंठ्याला ते 1863 मध्ये गेले. लेण्यांतले काही लेख त्याआधी छापले गेले होते, पण नकला सदोष आणि वाचनही अर्धवट. भाऊंनी लेख नव्याने उतरवून घेतले आणि त्यांचं वाचन रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेच्या नियतकालिकात छापलं. 16 नंबरच्या लेण्यातला लेख संस्कृतात, पद्यात आहे. वाकाटक राजांची वंशावळ त्यात आहे, आणि राजा हरिषेणाचा मंत्री वराहदेव याने हे लेणं भिक्षुसंघाला दिलं असंही. तोवर डोंगरातली चित्रं कुणाच्या काळातली हे अंदाजानेच बोललं जायचं. आता त्या भिंतीला राजघराण्याचं नाव मिळालं.

दुसऱ्याने लिहिलेला, सोबत कागदपत्रं नसलेला जुना कोड वाचायची वेळ ज्याच्यावर आली असेल, त्याला या कामाची किंमत कळेल. पहिलं वाचन कधीच पूर्ण बरोबर नसतं. भाऊंचंही नव्हतं. पाऊसपाण्याने खाल्लेल्या त्या लेखातलं सर्वसेन हे नाव त्यांना लागलं नाही, नंतरच्या विद्वानांनाही नाही. 1939 मध्ये वाशिमला ताम्रपट सापडला, तेव्हा वा. वि. मिराशींनी ते नाव पक्कं केलं. वाशिम म्हणजे जुनं वत्सगुल्म, वाकाटकांच्या याच शाखेची राजधानी. विदर्भातल्या वाचकांनी हे मुलांना जरूर सांगावं.

आणखी एक गोष्ट सांगायलाच हवी. जुनागढच्या भगवानलाल इंद्रजी या तरुणाला भाऊंनी मुंबईला बोलावून घेतलं होतं. गिरनारच्या लेखांवर त्याने तिथेच धडे गिरवले होते. दहाएक वर्षं तो भाऊंसाठी देशभर फिरून लेख उतरवत राहिला. छापताना मात्र नाव बहुतेक भाऊंचंच असायचं. आज हे खटकतं. पण इंग्रजी जेमतेम येणाऱ्या त्या मुलाला उभं केलं तेही भाऊंनीच, आणि 1882 मध्ये सोपाऱ्याचा स्तूप उकरणारे पंडित भगवानलाल ते हेच.

अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे मुंबईत कापसाचा पैसा खेळत होता. शेअर्सचा तो फुगा 1865 मध्ये फुटला आणि भाऊंची कमाई त्यात गेली. तरीही काम थांबलं नाही. 1869 आणि 1871 मध्ये ते मुंबईचे शेरीफ होते. ज्या संग्रहालयासाठी त्यांनी पैसे उभे करायला मदत केली, ते भायखळ्याला 1872 मध्ये उघडलं, राणीच्या नावाने. दोन वर्षांनी, 1874 मध्ये, भाऊ गेले. संग्रहालयाला त्यांचं नाव लागायला 1975 उजाडावं लागलं.

संग्रहालयाबाहेर एक मोठा दगडी हत्ती आहे. घारापुरी बेटाला ज्याच्यावरून एलिफंटा नाव पडलं, तो हाच. तुकडे झालेले होते, पुढे पुन्हा जोडले. दुबईहून सुट्टीला जाणारे बहुतेक जण मुंबईतच उतरतात, तेव्हा राणीच्या बागेला एक सकाळ द्यायला हरकत नाही. फक्त वार सांभाळा: संग्रहालय बुधवारी बंद, आणि अजिंठा सोमवारी. अजिंठ्याला 16 नंबरचा लेख शोधताना आत चित्रांकडे धावू नका, बाहेर व्हरांड्याच्या डाव्या टोकाची भिंत पाहा.