हर्लिंगचे महारथी ख्रिस्टी रिंग

धर्मग्रामाच्या महोत्सवानिमित्त निघणाऱ्या या स्मरणिकेंत एका आयरिश खेळाडूचें चरित्र आम्हीं कां द्यावें, असा प्रश्न कित्येक वाचकांच्या मनांत येईल. त्याचें उत्तर त्या खेळाच्या व्यवस्थेंतच आहे. आयर्लंडांत हर्लिंग व गेलिक फुटबॉल हे खेळ चालविणारी संस्था सन १८८४ मध्यें थर्लेस येथें स्थापन झाली. कॅशेलचे आर्चबिशप क्रोक हे तिच्या पहिल्या आश्रयदात्यांपैकीं होत, आणि डब्लिनचें मुख्य क्रीडांगण आजही त्यांच्याच नांवानें ओळखलें जातें. गांवोगांवचे संघ बहुधा धर्मग्रामाच्या हद्दीप्रमाणें उभारलेले असतात, व खेळाडूस वेतन म्हणून एक छदामही मिळत नाहीं.

हर्लिंग हें आमच्या हॉकीचें भावंडच म्हणावें. मात्र रुंद पात्याच्या काठीनें चेंडू जमिनीवरून तसाच डोक्यावरूनही फटकावतां येतो. प्रत्येक बाजूस पंधरा गडी असतात. खेळ भित्र्यांचा नव्हे.

ख्रिस्टी रिंग यांचा जन्म सन १९२० च्या ऑक्टोबर महिन्यांत कॉर्क परगण्यांतील क्लॉइन येथें झाला. एका धर्मप्रांतास नांव देणारें हें प्राचीन गांव. सन १९४१ मध्यें ते कॉर्क शहरांतील ग्लेन रोव्हर्स या संघांत दाखल झाले. पोटासाठीं ते तेलाची मोटारलॉरी चालवीत. दारू-तंबाखूस ते शिवत नसत, व धर्माचरणांत निष्ठावान होते. परक्या माणसांत ते संकोचानें गप्प बसत. परंतु हर्लिंगचा विषय निघाला कीं त्यांच्या बोलण्यास खळ पडत नसे.

कॉर्क परगण्याच्या संघांतून ते सन १९३९ पासून १९६३ पर्यंत खेळले. सन १९४१ ते १९४४ अशीं लागोपाठ चार वर्षें, मग १९४६ सालीं, आणि पुढें १९५२ ते १९५४ हीं तीन वर्षें, अशीं आठ अखिल आयर्लंड अजिंक्यपदें त्यांनीं संपादन केलीं. पैकीं तीन वेळां संघनायक तेच होते. मन्स्टर प्रांताकडून रेल्वे कप त्यांनीं अठरा वेळां जिंकला.

तथापि आमच्या मतें त्यांची खरी थोरवी एका पराभवांत दिसून आली. सन १९५६ चा अंतिम सामना कॉर्कमधील पोलिओच्या साथीमुळें लांबणीवर पडून २३ सप्टेंबर रोजीं झाला. प्रतिपक्षीं वेक्सफर्डचा संघ होता, आणि प्रेक्षक ऐंशी हजारांवर जमले होते. रिंग छत्तिसाव्या वर्षाच्या उंबरठ्यावर होते. नववें पदक मिळतें तर तो मान तोंवर कोणालाही लाभला नव्हता. सामना संपत आला असतां कॉर्क दोनच गुणांनीं मागें होता. रिंग यांनीं चेंडू गोलावर हाणला. वेक्सफर्डचा गोलरक्षक आर्ट फोली यानें तो अडविला. रिंग यांनीं पुढें होऊन त्या तरुणाचा हात हातीं घेतला. लागलीच दुसऱ्या टोकास वेक्सफर्डनें गोल केला, व कॉर्कचा सहा गुणांनीं पराभव झाला. सामना संपतांच वेक्सफर्डचे निक ओडॉनेल व बॉबी रॅकर्ड यांनीं, स्वतःच्या विजयाचा उत्सव बाजूस ठेवून, पराभूत रिंग यांना खांद्यावर घेऊन मैदानाबाहेर नेलें. त्या दोघांनीं साठ मिनिटें त्यांस अडविण्यांतच घालविलीं होतीं! नववें पदक त्यांना पुढें कधींच मिळालें नाहीं.

खेळ सोडल्यावर ते कॉर्कच्या निवडसमितीवर होते, आणि सन १९७६ ते १९७८ या तिन्ही वर्षीं कॉर्क अजिंक्य ठरला. पुढच्याच वर्षीं, २ मार्च १९७९ रोजीं, कॉर्क शहरांत भर रस्त्यावर हृदयविकाराचा झटका येऊन त्यांस देवाज्ञा झाली. वय अवघें अठ्ठावन्न. अंत्ययात्रेस हजारों लोक लोटले.

ग्लेन रोव्हर्समध्यें व परगण्याच्या संघांत त्यांच्या खांद्यास खांदा लावून खेळलेले जॅक लिंच त्या वेळीं आयर्लंडचे पंतप्रधान होते. राज्यकारभार बाजूस ठेवून ते क्लॉइनला आले, आणि जुने सवंगडी भोंवतीं उभे असतां आपल्या मित्राच्या कबरीपाशीं निरोपाचें भाषण त्यांनींच केलें.