मुतखडा फोडणारे हकीम अल-जहरावी

किडनी स्टोन म्हटलं की आज डॉक्टर दुर्बीण आणि लेझरचं सांगतात. खडा आतच फोडायचा, चिरफाड शक्यतो टाळायची. हा विचार हजार वर्षांपूर्वी अंदलुसमध्ये, म्हणजे आजच्या स्पेनमध्ये, एका हकिमाने करून ठेवला होता.

अबुल कासिम अल-जहरावी यांचा जन्म इ.स. 936च्या सुमारास कुर्तुबाजवळच्या मदीनतुज्जहरा येथे झाला. शहरावरूनच ते जहरावी. त्यांच्या 'अल-तसरीफ' या 30 भागांच्या ग्रंथाचा शेवटचा भाग शस्त्रक्रियेवर आहे. त्यात सुमारे 200 अवजारांची चित्रं आहेत.

त्यातलंच एक 'मिशअब'. तीन कडांचं टोक आणि लाकडी मूठ असलेला बारीक गिरमिटच म्हणा ना! खडा लघवीच्या वाटेत अडकला की तो मागे सरकू नये म्हणून त्याच्या मागच्या बाजूला बाहेरून दोरा बांधायचा. मग मिशअब अलगद आत सारून, थोडं थोडं फिरवत खड्याला भोक पाडायचं. आरपार झालं की तुंबलेली लघवी लगेच सुटते. नंतर बाहेरून बोटांनी दाबून खडा चुरायचा. तुकडे लघवीबरोबर निघून जातात. हे साधलं नाही, तरच चाकू. बाई रुग्ण असेल तर जाणकार महिला वैद्य शोधा, हेही त्यांनी लिहून ठेवलंय.

1013मध्ये त्यांचं निधन झालं. त्याआधीच यादवीत मदीनतुज्जहरा उद्ध्वस्त झालं होतं. ग्रंथ मात्र वाचला. बाराव्या शतकात क्रेमोनाच्या जेरार्डने टोलेडोत शस्त्रक्रियेचा भाग लॅटिनमध्ये आणला, आणि पुढे कित्येक शतकं युरोपचे सर्जन त्यावरच शिकले.