भूमिहीनांचे कर्मवीर : दादासाहेब गायकवाड

नाशिक जिल्ह्यातील दिंडोरी तालुक्यातल्या आंबे या खेड्यात १५ ऑक्टोबर १९०२ रोजी भाऊराव कृष्णाजी गायकवाड यांचा जन्म झाला. समाज त्यांना कर्मवीर दादासाहेब म्हणतो. आपल्या पोरांना त्यांच्याबद्दल विचारा, काळाराम मंदिर एवढंच सांगतील. २ मार्च १९३० ला सुरू झालेला तो सत्याग्रह सुमारे पाच वर्षे चालला. समितीचे सेक्रेटरी म्हणून त्याचा भार दादासाहेबांनी वाहिला, तुरुंग भोगला, हे खरेच. पण देवळाच्या दारातून निघालेला हा माणूस पुढे शेताच्या बांधावर जाऊन उभा राहिला, ती गोष्ट आम्हा कष्टकऱ्यांना जास्त जवळची आहे.

१९३७ साली ते परमपूज्य बाबासाहेबांच्या स्वतंत्र मजूर पक्षातर्फे मुंबई विधानसभेत गेले. ७ नोव्हेंबर १९३८ ला काळ्या कामगार कायद्याविरुद्ध मुंबईत संप झाला, त्यात हा पक्ष कम्युनिस्टांच्या बरोबरीने उतरला होता. आमच्यासारख्या गिरणीवाल्याला म्हणून तो पक्ष परका वाटत नाही.

१९५६ साली आग्र्याच्या सभेत बाबासाहेबांनी खेड्यातल्या भूमिहीनांसाठी आपल्या हातून काही झाले नाही, अशी खंत बोलून दाखवली. त्याच वर्षी ते गेले. ती खंत दादासाहेबांनी अंगावर घेतली. १९५७ ला नाशिकमधून लोकसभेवर निवडून आल्यावरही ते दिल्लीत रमले नाहीत.

आपल्या खानदेशात तेव्हा काय होतं? आखाजीला सालदाराचे साल ठरायचे. उचल घेतली की वर्षभर माणूस मालकाचा. कपाशी वेचायची त्याने, गाडी भरायची त्याने, आणि उचल फिटली नाही की पुढचे सालही त्याच दारात. गावाला लागून सरकारी पडीत पडलेली, आणि हा हात जोडून उभा. १९५९ साली दादासाहेबांनी भूमिहीनांचा सत्याग्रह सुरू केला, त्यात खानदेशातली माणसे मोठ्या संख्येने होती. मागणी एकच, पडीत जमीन कसणाऱ्याला द्या. जातीचा प्रश्न पोटापासून वेगळा काढता येत नाही, हे त्यांनी ओळखले होते. म्हणून मराठा, आदिवासी, कोणत्याही जातीचा भूमिहीन त्यांना आपला वाटे.

हे सगळ्यांना रुचले नाही. शिकलेले वकील मंडळी त्यांच्या धोतरावर हसली, कम्युनिस्टांच्या नादी लागले म्हणून ओरड झाली, आणि रिपब्लिकन पक्षात दुरुस्त-नादुरुस्त असे दोन तट पडले. माझे मत विचाराल तर त्या भांडणात नुकसान झाले ते सालदाराचे. पुढाऱ्यांचे काय गेले?

तरी दादासाहेब थांबले नाहीत. १ ऑक्टोबर १९६४ ला पंतप्रधान लालबहादूर शास्त्रींना मागण्यांचे निवेदन दिले. त्यात भूमिहीनांना जमीन होती, किमान वेतन कायद्याची अंमलबजावणी होती, धान्याचे भाव आवरणे होते, झोपडपट्टीवाले होते, बौद्धांच्या सवलती होत्या, संसदेत बाबासाहेबांचे तैलचित्रही होते. ६ डिसेंबरला, महापरिनिर्वाणदिनी, देशभर सत्याग्रह सुरू झाला. ३ लाखांच्या वर माणसे तुरुंगात गेली. बाया कडेवरची लेकरे घेऊन गेल्या. हातावर पोट असणाऱ्याने तुरुंगात बसायचे म्हणजे घरची चूल थंड ठेवायची, हे पगारी माणसाला कळणार नाही. शेवटी सरकारला बोलणी करावी लागली, आश्वासने मिळाली.

आश्वासने पुरी व्हायला किती काळ लागला पाहा. तैलचित्र लागले १९९० ला. केंद्राच्या सवलती बौद्धांना मिळाल्या त्याही १९९० ला. दादासाहेब २९ डिसेंबर १९७१ लाच गेलेले होते. गायरानाचा शासन निर्णय निघाला नोव्हेंबर १९९१ मध्ये, त्यात १४ एप्रिल १९९० पर्यंतची भूमिहीनांची अतिक्रमणे नियमित करायचे ठरले. कागद सगळ्यांच्या हाती आला नाही. २०२२ साली हायकोर्टाच्या आदेशानंतर राज्यात गायराने मोकळी करण्याच्या नोटिसा निघाल्या, तेव्हा दोन-दोन पिढ्या कसणारी माणसे तलाठ्याकडे १-ई चा उतारा आणि बापाच्या नावाची दंडाची पावती शोधत बसली होती.