दगडांच्या रंगांचा जाणकार : फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स

रंग म्हटला की पेणकराच्या डोळ्यांपुढे गणपतीचा कारखाना उभा राहतो. शाडूची मूर्ती घडते, सुकते आणि मग तिच्यावर रंग चढतो. डोळ्यांची आखणी झाली की मातीला देवपण येते. येथे रंग हा शेवटचा संस्कार असतो. परंतु रंगाचा विचार अगदी आरंभी, दगडाच्या खाणीपाशीच करणारा एक वास्तुशिल्पकार गेल्या शतकाच्याही आधीच्या शतकात मुंबईत होऊन गेला. त्याची सर्वांत मोठी कृती आपण सर्वांनी पाहिलेली आहे. पेण आणि रोहा ही स्थानके ज्या मध्य रेल्वेच्या कारभारात येतात, तिचे मुख्यालय असलेली मुंबईची ती भव्य इमारत, म्हणजेच पूर्वीचे व्हिक्टोरिया टर्मिनस आणि आजचे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस. तिच्या शिल्पकाराचे नाव फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स.

स्टीव्हन्सचा जन्म ११ नोव्हेंबर १८४७ रोजी इंग्लंडमधील बाथ या गावी झाला. हे गाव तेथील मधाळ रंगाच्या दगडी घरांसाठी प्रसिद्ध आहे. अवघे गाव एकाच दगडाच्या रंगात न्हालेले असते, हे ज्या मुलाने बालपणापासून पाहिले, त्याला पुढे दगडाच्या रंगाची ओढ लागली तर नवल नाही. तेथेच एका वास्तुशिल्पकाराच्या हाताखाली उमेदवारी करून तो परीक्षा उत्तीर्ण झाला आणि १८६७ साली, विशीच्या उंबरठ्यावर, सरकारी बांधकाम खात्यात नोकरीसाठी हिंदुस्थानात आला. प्रथम पुणे आणि लगेच मुंबई अशी त्याची नेमणूक झाली.

तो काळ मुंबईच्या कायापालटाचा होता. गव्हर्नर बार्टल फ्रियरच्या कारकिर्दीत किल्ल्याचा तट पाडला गेला होता आणि मोकळ्या झालेल्या जागेवर नवे शहर उभे राहत होते. या नव्या शहरात स्टीव्हन्सचे नाव प्रथम गाजले ते खलाशांसाठी बांधलेल्या रॉयल आल्फ्रेड सेलर्स होममुळे. १८७६ साली पूर्ण झालेल्या या इमारतीत आज महाराष्ट्र पोलिसांचे मुख्यालय आहे.

पुढे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने आपल्या नव्या स्थानकाचे काम त्याच्यावर सोपविले. आराखडा करण्यापूर्वी त्याने युरोपात जाऊन तेथील मोठमोठी स्थानके अभ्यासली. १८७८ साली आरंभलेले बांधकाम दहा वर्षे चालले आणि इमारतीला सोळा लाख रुपयांहून थोडा अधिक खर्च आला. राणीच्या राज्यारोहणाला पन्नास वर्षे झाली म्हणून १८८७ साली इमारतीला तिचे नाव देण्यात आले.

या कामातील खरी अडचण सौंदर्याची नव्हती, उपयोगाची होती. एकाच वास्तूत दोन निराळे संसार मांडायचे होते. एकीकडे कंपनीची कचेरी, तिचे साहेब, कारकून, हिशेबाच्या वह्या आणि शांतता, तर दुसरीकडे गाठोडी-वळकट्या सांभाळत तिकिटासाठी धडपडणारा प्रवासी आणि अखंड कोलाहल. दोघांना वेगळे ठेवायचे, तरी इमारत एकच दिसली पाहिजे.

हे कोडे सोडविताना स्टीव्हन्सला रंगाचे मोठे साहाय्य झाले. बाहेरून त्याने मालाडच्या पिवळसर दगडाला प्राधान्य दिले. कचेरी असो वा स्थानक, कमानी असोत वा मनोरे, त्या उबदार पिवळ्या रंगाने सारे एका सूत्रात ओवले गेले. बारीक कोरीव कामासाठी फिकट, मऊ दगड निवडला, तर मोक्याच्या ठिकाणी झिलई केलेले ग्रॅनाइटचे खांब आणि इटालियन संगमरवर वापरला. रंग बदलला की समजावे, येथे भार पेलला जातो आहे, येथे प्रवेश आहे, येथे थांबून पाहण्यासारखे काही आहे. दगडाचा रंगच जणू वाटाड्या झाला.

आतील तिकीटघरात मात्र त्याने रंगांची मुक्त उधळण केली. निळ्या पार्श्वभूमीवर सोनेरी तारे असलेले छत, रंगीत काच आणि भिंतींना इंग्लंडहून आणविलेल्या चकाकत्या फरशा. साहेबाच्या खोलीत शोभावे असे वैभव येथे सामान्य प्रवाशाच्या वाट्याला आले. साम्राज्याचा दिमाख मिरविणे हा त्यामागील हेतू होता, हे विसरून चालणार नाही. तरीही तिकिटाच्या रांगेत उभ्या असलेल्या माणसाला मान वर करून पाहावेसे वाटेल असे काही द्यावे, ही दृष्टी कलावंताचीच होती.

आपण विद्यार्थ्यांनी आवर्जून ध्यानात ठेवावी अशी एक गोष्ट आहे. या इमारतीवरील पाने, फुले, पशुपक्षी आणि वेलबुट्टी यांचे बरेचसे काम १८५७ साली स्थापन झालेल्या मुंबईच्या कलाशाळेतील विद्यार्थ्यांनी केले. त्यांचे मार्गदर्शक होते जॉन ग्रिफिथ्स. त्याच सुमारास याच ग्रिफिथ्सच्या देखरेखीखाली विद्यार्थी अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकलाही करीत होते. सहाय्यक अभियंता म्हणून रावसाहेब सीताराम खंडेराव यांनी काम पाहिले. ज्या पाथरवटांनी प्रत्यक्ष टाकी चालविली, त्यांची नावे कोणत्याही फलकावर नाहीत. इमारत स्टीव्हन्सच्या नावाने ओळखली जाते, ती उभी आहे ती अशा शेकडो हातांवर.

१८८४ साली सरकारी नोकरी सोडून स्टीव्हन्सने स्वतंत्र व्यवसाय आरंभला. स्थानकासमोरील महापालिकेची इमारत १८९३ साली पूर्ण झाली, तीही मंजूर रकमेपेक्षा कमी खर्चात! चर्चगेट येथील रेल्वे कचेरीत, म्हणजे आजच्या पश्चिम रेल्वेच्या मुख्यालयात, त्याने रंगांचा निराळाच मेळ साधला. काळसर निळ्या दगडाच्या भिंती, त्यांत पांढऱ्या दगडाचे पट्टे आणि वर पांढरे घुमट. दूरवरूनही ही इमारत ओळखू येते ती केवळ या दोन रंगांमुळे. ते काम १८९९ साली पुरे झाले आणि पुढच्याच वर्षी, ३ मार्च १९०० रोजी, हिवतापाने मुंबईतच त्याचे निधन झाले. वयाची त्रेपन्न वर्षेही पुरी झाली नव्हती.

त्याचा मुलगा चार्ल्स हाही वास्तुशिल्पकार झाला. १९३३ साली सुरू झालेले रीगल चित्रपटगृह त्याचेच. तेथे चित्रपटगृहाच्या जोडीला दुकाने होती, तळघरात मोटारी ठेवण्याची सोय होती आणि आतील सजावटीत फिकट नारिंगी व हिरव्या रंगांचा मेळ साधला होता. काळ बदलला, दगडाच्या जागी सिमेंट आले. पण अनेक उपयोगांच्या वास्तूला रंगाने एकरूप करण्याची युक्ती पित्याकडून पुत्राकडे आली, असे म्हणावयास हरकत नाही.

आज आपल्या पेण-रोह्यातही खाली दुकाने, मधल्या मजल्यावर दवाखाना किंवा कचेरी आणि वर बिऱ्हाडे अशा इमारती उभ्या राहत आहेत. त्यांचा रंग कोण ठरवितो? बहुधा काम संपता संपता, डब्यांचा भाव पाहून, ठेकेदार. दोन पावसाळ्यांत भिंतींवर शेवाळ चढते, दुकानांच्या पाट्या उरलीसुरली भिंत झाकून टाकतात आणि जिना कोठे, दवाखाना कोठे, हे रुग्णाला विचारीत हिंडावे लागते. कोकणातल्या पावसाला टिकणारा जांभा आणि काळा दगड आपल्या दाराशी आहे. खालच्या भिंतींना त्याचा स्वतःचा रंग ठेवावा, जिन्याला एक, दवाखान्याला एक असा ओळखीचा रंग द्यावा, पाट्यांसाठी आधीच जागा राखावी. यास खर्चापेक्षा विचार अधिक लागतो.

मूर्तिकाराचा रंग शेवटी येतो, पण तो मूर्ती घडवितानाच त्याच्या मनात तयार असतो. स्टीव्हन्सने वास्तूच्या बाबतीत हेच केले. त्याचे साम्राज्य गेले, इमारतीचे नावही बदलले, २००४ साली ती जागतिक वारसा ठरली. मालाडच्या दगडाचा पिवळा रंग मात्र आजही त्या रस्त्यावर आपले काम करीत उभा आहे.