वर्ध्याचा मुलगा, मेक्सिकोचा मास्तर : पांडुरंग सदाशिव खानखोजे



दसरा-दिवाळी आली की आपल्या बीड जिल्ह्यातल्या गावागावांतून ट्रक, ट्रॅक्टर भरून माणसं ऊसतोडीला निघतात. तुमच्यापैकी कोणी आई-वडिलांसोबत कारखान्यावर गेलेलं असेल, कोणी आजीजवळ नाहीतर हंगामी वसतिगृहात राहिलेलं असेल. परक्या गावात राहणं म्हणजे काय, हे तुम्हाला सांगायची गरज नाही. पण तुम्हाला हे तरी माहीत असतं, की पट्टा पडला की घरी जायचं आहे. आज आपण अशा एका माणसाची माहिती पाहणार आहोत, ज्यांना घरी कधी जाता येईल हेच माहीत नव्हतं.

पांडुरंग खानखोजे यांचा जन्म 1884 साली वर्ध्याला झाला. तरुणपणी लोकमान्य टिळकांच्या विचारांनी ते भारावून गेले. इंग्रजांशी लढायचं तर बाहेर जाऊन शिकलं पाहिजे, असं त्यांनी ठरवलं. 1906 च्या सुमारास त्यांनी देश सोडला. जपानमार्गे ते अमेरिकेत पोहोचले. तिथे लष्करी शिक्षण घेतलं, शेतीशास्त्र शिकले आणि पोटासाठी मजुरीही केली.

आता एक गोष्ट नीट लक्षात घ्या. त्या काळात अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर पंजाबमधून आलेले बरेच लोक लाकडाच्या गिरण्यांत काम करत होते. ते काम चांगलं करत, तरी तिथल्या बऱ्याच लोकांना ते नकोसे होते. 1907 साली बेलिंगहॅम नावाच्या गावात गोऱ्या कामगारांनी जमाव करून हिंदी मजुरांना अक्षरशः हाकलून लावलं. आपल्या देशात आपलं राज्य नाही म्हणून परदेशात आपल्याला कोणी वाली नाही, ही गोष्ट अशा प्रसंगांतून या मजुरांच्या मनात पक्की बसली. पुढे 1913 साली याच लोकांमधून गदर पक्ष उभा राहिला. लाला हरदयाळ, सोहनसिंग भकना यांच्यासोबत त्याच्या उभारणीत आपले खानखोजेही होते.

पहिलं महायुद्ध सुरू झाल्यावर ते इराणात गेले. तिथल्या टोळ्यांना सोबत घेऊन ते इंग्रजांविरुद्ध लढले. जखमी झाले, पकडले गेले, पण निसटले. युद्ध संपलं. इंग्रज जिंकले. आता भारतात पाऊल ठेवलं की अटक ठरलेली! काही काळ युरोपात काढून 1924 साली ते मेक्सिकोला आले.

विचार करा, वय चाळीस, खिशात पैसा नाही, भाषा वेगळी, नात्यागोत्याचं कोणी नाही. पण मेक्सिकोत नुकतीच मोठी क्रांती होऊन गेली होती. जमीन कसणाऱ्याच्या हाती जमीन द्यायचं काम तिथे चाललं होतं आणि शेती शिकवणारी माणसं हवी होती. चापिंगो इथल्या राष्ट्रीय कृषी शाळेत खानखोजेंना शिकवायचं काम मिळालं. वर्ध्याचा मुलगा आता मेक्सिकोच्या मुलांना स्पॅनिशमधून शेती शिकवू लागला.

मेक्सिकोच्या लोकांचं मुख्य अन्न मका. आपल्याकडे ज्वारीची भाकरी, तसा तिथे मक्याचा तोर्तिया. खानखोजेंनी मक्याच्या सुधारित वाणांवर संशोधन केलं. शाळेच्या आवाराबाहेरच्या गरीब शेतकऱ्यांसाठी त्यांनी मोफत शेतीशाळाही चालवल्या. दिएगो रिवेरा या जगप्रसिद्ध चित्रकाराच्या एका भित्तिचित्रात एक माणूस मेजाभोवती बसलेल्यांना भाकरी वाटताना दाखवला आहे. तो चेहरा खानखोजेंचा मानला जातो. 1936 साली त्यांनी बेल्जियमच्या जीन सिंदिक यांच्याशी लग्न केलं. मुलींची नावं मात्र ठेवली सावित्री आणि माया.

1947 साली देश स्वतंत्र झाला. आता तरी घरी जाता येईल, असं वाटलं. पण इंग्रजांच्या काळातली बंदी कागदावर तशीच होती. ज्या देशासाठी घर सोडलं, त्याच देशाने त्यांना आधी प्रवेश नाकारला! नंतर ती बंदी उठली आणि 1955 साली ते नागपूरला कायमचे राहायला आले. बाविशीत गेलेला मुलगा सत्तरी ओलांडून परतला होता. 1967 साली नागपुरातच त्यांचं निधन झालं.

असे निर्वासित जगात पुढेही झाले. 1973 साली दक्षिण अमेरिकेतल्या चिली देशात लष्कराने सरकार उलथवलं. तेव्हा हजारो चिलियन लोक जीव वाचवून दूरच्या थंडगार स्वीडनमध्ये गेले. लवकरच परत जाऊ, असं त्यांच्यापैकी अनेकांना वाटत होतं. पण लष्करी राजवट 1990 पर्यंत टिकली. तोवर मुलं स्वीडिश शाळांत शिकून मोठी झाली होती. काही कुटुंबं परतली, बरीच तिथलीच झाली.

मित्रांनो, खानखोजेंना एका देशात आपल्या माणसांना हाकललेलं ऐकावं लागलं आणि दुसऱ्या देशात वर्गात उभं राहायला जागा मिळाली. माणूस तोच होता, त्याचं ज्ञानही तेच होतं. फरक पडला तो समोरच्यांच्या वागण्याने. ज्यांनी जागा दिली, त्यांच्या शेतकऱ्यांना त्याचा फायदा झाला. 2022 साली चापिंगोच्या विद्यापीठात त्यांचा पुतळा उभा राहिला, म्हणजे तिथले लोक अजून त्यांना विसरलेले नाहीत. आपल्याकडे मात्र त्यांचं नाव किती जणांना माहीत आहे?

एप्रिलमध्ये कारखान्यावरून परत आलेला मुलगा वर्गात मागच्या बाकावर गप्प बसतो. त्याचा अभ्यास बुडालेला असतो. पण त्याने दुसरा मुलूख पाहिलेला असतो, कदाचित कानडीचे चार शब्दही शिकलेला असतो. त्याला हसायचं, की शेजारी बसवून वही द्यायची, हे आपल्या हातात आहे.

चला, आता एवढं करा :
1. जगाच्या नकाशात वर्धा, इराण, मेक्सिको, चिली आणि स्वीडन शोधा.
2. खानखोजेंना स्वतंत्र भारतात लगेच प्रवेश का मिळाला नाही, ते तुमच्या शब्दांत लिहा.
3. तुमच्या घरातलं कोणी बाहेरगावी कामाला गेलं असेल, तर तिथे त्यांना कोणी मदत केली ते विचारा आणि पाच ओळी लिहा.