बालवैद्य डॉ. अब्राहम जाकोबी

ज्ञातीच्या स्मरणिकेत परदेशस्थ वैद्याचे चरित्र कशासाठी, असे कोणी वाचक विचारील. ज्या घरात तान्हे मूल आहे, त्या घरास हा पुरुष परका नाही, एवढेच आम्ही म्हणू.

जाकोबी यांचा जन्म १८३० साली जर्मनीतील वेस्टफालिया प्रांतात एका गरीब ज्यू कुटुंबात झाला. १८५१ साली त्यांनी बॉन येथे वैद्यकीची पदवी मिळविली. परंतु १८४८ च्या क्रांतीच्या चळवळीशी असलेल्या संबंधामुळे त्यांना कारावास घडला. सुटकेनंतर ते देश सोडून १८५३ साली न्यूयॉर्कला आले.

त्या काळी बालकास प्रौढाचीच लहान आवृत्ती समजून औषधाची केवळ मात्रा कमी करीत. बालकाची प्रकृती, रोग व आहार यांचे शास्त्र स्वतंत्र आहे, असे जाकोबींनी आग्रहाने प्रतिपादिले व १८६० पासून हा विषय ते न्यूयॉर्कच्या वैद्यक महाविद्यालयात शिकवू लागले. उन्हाळ्यात अतिसाराने तेथे असंख्य अर्भके दगावत. आईचे दूध सर्वांत श्रेष्ठ. ते नसल्यास गाईचे दूध उकळून, जवाच्या पाण्यात मिसळून द्यावे, असे ते मातांना सांगत. साधाच उपाय, पण रोगाचे मूळ दुधात आहे हे त्यांनी ओळखले होते.

१८८० साली घटसर्पावर त्यांनी मोठा ग्रंथ लिहिला. आणि १८८३ साली त्यांचा सात वर्षांचा पुत्र अर्न्स्ट त्याच रोगाने गेला. माता मेरी पटनम याही नामांकित डॉक्टर होत्या. घरात दोन निष्णात वैद्य असूनही मूल हाती लागले नाही. कारण घटसर्पावरील प्रतिविष उपचारात येण्यास आणखी दहा-अकरा वर्षे लागावयाची होती. या आघातानंतरही जाकोबींनी परक्यांच्या मुलांची सेवा सोडली नाही. १८८८ साली स्थापन झालेल्या अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या संस्थेचे ते पहिले अध्यक्ष झाले. १९१९ साली त्यांचे देहावसान झाले.

ज्या रोगापुढे ते पितृहृदय हतबल झाले, त्याची लस आज आपल्या सरकारी दवाखान्यात सहाव्या, दहाव्या व चौदाव्या आठवड्यात विनामूल्य टोचतात. पुढे दीड व पाच वर्षांच्या सुमारास पुन्हा देतात. लस टोचल्यावर मुलास ताप येतो म्हणून पुढची तारीख टाळणारी घरे आम्ही पाहिली आहेत. एका दिवसाच्या तापाचे भय धरताना आमच्या भगिनींनी अर्न्स्टच्या मातेचे स्मरण करावे, एवढीच आमची विनंती आहे.