कविराय राम जोशी

षड्रिपूंत कामाचे नाव पहिले घेतात. तो सर्वांच्याच ठायी आहे. प्रपंच त्याच्यावरच उभा आहे. परंतु मनुष्य त्याचा धनी न राहता चाकर झाला म्हणजे काय होते, हे ज्यास पाहावयाचे असेल त्याने सोलापूरच्या राम जोश्यांचे चरित्र पाहावे.

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात सोलापुरी एका ब्राह्मणाच्या घरी ते जन्मले. वडील बंधु मुद्गल जोशी पुराणिक. धाकट्याचा ओढा मात्र पोथीकडे नव्हे, डफाकडे! धोंडी शाहिराच्या फडाची संगत जडली, लावण्या रचू लागले आणि त्याबरोबर मदिरा व मदिराक्षी यांचाही नाद लागला. भावाने परोपरीने सांगितले; अखेर घराबाहेर काढले.

रामभाऊंनी पंढरीची वाट धरली. तेथे राहून संस्कृत काव्य, व्याकरण यांचे अध्ययन केले आणि हरिदास होऊन सोलापुरास परतले. लोक म्हणाले, पोर सुधारला. पण काय सांगावे मंडळी, पुन्हा डफ हाती आला आणि मागचा नादही आला. विद्वत्ता होती, वाणी होती, उपरतीही होत होती. तरी पाऊल तिकडेच वळे. लावणीत विरहिणीचे दुःख इतक्या नेमकेपणाने घालणाऱ्या कवीला आपल्या माणसांचे दुःख ठाऊक नव्हते असे कसे म्हणावे? ठाऊक असणे निराळे आणि आवरणे निराळे.

पुढे बारामतीच्या मोरोपंतांशी त्यांचा संबंध आला. पंतांचा काळ १७२९ ते १७९४. एवढ्या थोर पंडिताने शाहिराची हेटाळणी केली नाही. गुण ओळखला, गौरविले. जे भावाच्या रागाने झाले नाही ते या मानाने झाले. रामभाऊंनी डफ टाकून वीणा घेतली असे परंपरा सांगते. पंतांच्या आर्या घरोघर पोहोचल्या त्या पुष्कळ अंशी यांच्याच कीर्तनांतून. १८१२ च्या सुमारास त्यांनी देह ठेवला.

आमच्या देऊळगाव राजाकडे हे आख्यान लागले की माणसे रंगेलपणाला हसतात. हसावे, पण घरची रडणारी माणसेही आठवावी. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली मान्य केलेल्या रोगांच्या यादीत न आवरणाऱ्या कामवर्तनाला जागा दिली आहे. महिनोन् महिने आवरू जाता आवरत नाही, घर, धंदा, प्रकृती यांची हानी होते, तरी सुटत नाही, हे त्याचे लक्षण. नुसती वासना असणे किंवा मनाला पाप वाटणे म्हणजे हा रोग नव्हे. पुष्कळदा दुःख, एकटेपणा विसरण्यासाठी माणूस तिकडे धावतो. मग पश्चात्ताप, मग पुन्हा तेच. रामभाऊंना हाच रोग होता असे आज कोणी ठरवू नये. पण चाकोरी ओळखीची आहे.

म्हणून सांगणे एवढेच. ज्याला हे जडले असेल त्याने लपवू नये. मनोविकाराच्या वैद्याकडे जावे, नामही घ्यावे. एकाला दुसऱ्याचे वावडे नाही. पत्नीने मुकाट सोसणे म्हणजे पातिव्रत्य नव्हे. तिच्या मनाला झालेली जखमही जखमच आहे, तीही वैद्याला दाखवावी. आणि आपण इतरांनी? मुद्गलांचा राग खोटा नव्हता, परंतु मोरोपंतांसारखा हात पुढे करणारा एखादा गावात असावा. पाय घसरलेल्याला तोच उठवतो.